प्रकल्प नोंदी : तळघराच्या खोदाईत लागलेला खडक, राफ्टचं सुधारित ड्रॉइंग आणि 18 दिवसांची मुदतवाढ

कंत्राट फिडिक रेड बुक (बांधकाम कंत्राटांच्या आंतरराष्ट्रीय नमुना अटी), 2017 ची आवृत्ती. ‘इंजिनिअर’ म्हणजे मालकानं कंत्राट राबवायला नेमलेला. देयक प्रत्यक्ष मोजमापावर. राफ्ट (काँक्रीटचा सलग पाया) 42 × 30 मीटर, खोदाईचा तळ 46 × 34 मीटर. आठवड्यात सहा दिवस काम. कंत्राटदाराच्या बाजूच्या या वहीत फक्त बदल, त्यांच्या नोटिसा आणि त्यावरून झालेले वाद. रोजचा प्रगती अहवाल वेगळा ठेवला आहे.

9 जानेवारी 2025

खोदाईत मधल्या पट्ट्यात कठीण खडक लागला. निविदेसोबतच्या बोअर-लॉगवरून (जमिनीत भोक पाडून घेतलेली थरांची नोंद) जी पातळी निघत होती, तिच्यापेक्षा बराच वर. एकूण पाच बोअर : चार कोपऱ्यांत, पाचवा पश्चिमेच्या कडेला. मध्यभागी एकही नाही, आणि खडकाची पाठ नेमकी तिथेच वर आली आहे.

ब्रेकर (खडक फोडणारं मशीन) लावला नाही. खडकाची वरची पातळी मोजायच्या आधी तो फुटला, तर पुरावाच फुटला. नंतर ट्रकच्या खेपा मोजून आकडा काढता येत नाही. फोडलेला खडक सहज दीडपट फुगतो, आणि खेपांवरून काढलेलं परिमाण कोणताही इंजिनिअर मान्य करणार नाही, करूही नये.

मुदत कुठून मोजायची हे आजच ठरवलं. कलम 20.2.1 प्रमाणे घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांत क्लेमची (जादा मुदतीच्या किंवा पैशाच्या मागणीची) नोटीस द्यायची. खड्डे घेऊन खात्री आज झाली. पण 7 तारखेच्या मशीनच्या अहवालात ऑपरेटरनं ‘खाली टणक लागतंय’ असं लिहून ठेवलं आहे. समोरचा पक्ष हीच ओळ दाखवेल. म्हणून मोजणी 7 पासून : नोटीस 4 फेब्रुवारीच्या आत, सविस्तर क्लेम 84 दिवसांत म्हणजे 1 एप्रिलपर्यंत. दोन्ही तारखा साइट ऑफिसच्या फळ्यावर लिहिल्या.

11 जानेवारी

माती साफ करून संयुक्त पातळ्या घेतल्या. दोन मीटरची जाळी, 24 × 18 म्हणजे 432 बिंदू. इंजिनिअरचा प्रतिनिधी पूर्ण वेळ हजर.

स्टाफ (पातळी मोजायची पट्टी) ठेवण्याआधी प्रत्येक बिंदूवरचा चिखल खरवडून खडक उघडा केला. स्टाफच्या बुडाखाली 30 मिलीमीटर चिखल राहिला, तर खडक तेवढाच वर दिसतो. 1,564 चौरस मीटरवर ही चूक 47 घनमीटरची होते, आणि ती आमच्या बाजूनं होते. असली चूक नंतर उघडी पडली की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पहिले चाळीस-एक बिंदू घेतल्यावर हे लक्षात आलं. ते पुसून पुन्हा घेतले.

सरासरी खडक अपेक्षित पातळीच्या 1.1 मीटर वर. 1,564 × 1.1 = 1,720 घनमीटर जादा कठीण खडक. बीओक्यूत (कंत्राटातली परिमाणं आणि दरांची यादी) कठीण खडक 1,200 घनमीटर.

पातळीच्या तक्त्यावर दोघांच्या सह्या. प्रतिनिधीनं खाली लिहिलं : ‘फक्त मोजमापाची नोंद, हक्काबाबत कबुली नाही’. हे योग्यच आहे आणि ते लिहू द्यावं. अशी ओळ लिहू दिली नाही, तर माणूस सहीच करत नाही. मग वाद हक्काचा राहत नाही, आकड्याचा होतो. आकड्याचा वाद सर्वांत महाग पडतो.

13 जानेवारी

दोन पत्रं पाठवली. एक कलम 4.12.1 खाली, अनपेक्षित भौतिक परिस्थितीबद्दल. दुसरं 20.2.1 खाली, क्लेमची नोटीस. 2017 च्या आवृत्तीत नोटीस ही ‘नोटीस’ म्हणून ओळखता आली पाहिजे (कलम 1.3), म्हणून विषयाच्या ओळीत तो शब्द आणि कलमाचा क्रमांक दोन्ही घातले. मासिक अहवालातला उल्लेख किंवा बैठकीच्या इतिवृत्तातली ओळ नोटीस ठरत नाही. कितीतरी चांगले क्लेम इथेच बुडतात.

नोटिशीत रक्कम नाही, दिवस नाहीत. घटना काय, कुठे, कधी लक्षात आली, आणि मुदत व खर्च दोन्हींवर परिणाम होऊ शकतो, इतकंच. आकडे घालायचे म्हणून नोटीस अडवून ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

इंजिनिअरनं 7 दिवसांत पाहणी करायची आहे. प्रत्यक्षात 16 तारखेला झाली.

30 जानेवारी

वरचा जादा थर काल संपला. पुन्हा संयुक्त पातळ्या, त्याच जाळीवर. मूळ 1,200 घनमीटर आजपासून वेगळे मोजायचे. थर वेगळे ठेवले नाहीत, तर कुठल्या खडकानं किती दिवस खाल्ले हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

जादा थराला 15 कामाचे दिवस, दोन ब्रेकर. त्यात एक ब्रेकर हायड्रॉलिक होज फुटल्यामुळे एक दिवस बंद. म्हणजे 29 मशीन-दिवसांत 1,720 घनमीटर, सरासरी 59.3. दोन्ही ब्रेकर सलग चालले असते तर 14.5 दिवस लागले असते. होजचा अर्धा दिवस आमचा. तो मागायचा नाही.

आणखी एक गोष्ट क्लेम करताना विसरली जाते. खडक वर आला म्हणजे तेवढीच माती कमी झाली. मातीच्या खोदाईचा वेग या साइटवर दिवसाला 600 घनमीटर. 1,720 घनमीटर मातीचे 2.9 दिवस वाचले. निव्वळ उशीर 14.5 − 2.9 = 11.6 कामाचे दिवस. हे वजा करून दिलं नाही, तर इंजिनिअर पहिल्याच बैठकीत ते काढेल, आणि मग आपला प्रत्येक आकडा फुगवलेला समजला जाईल.

3 फेब्रुवारी

राफ्टच्या ड्रॉइंगची आर-3 आवृत्ती नेहमीच्या ट्रान्समिटलमधून (ड्रॉइंग पाठवतानाच्या सोबतपत्रातून) आली. बदलाची सूचना नाही, वेगळं पत्र नाही. छेदावर बदल दाखवणारी ढगाची खूण, त्यात जाडी 900 ऐवजी 1,100 मिलीमीटर. वरची पातळी तीच, म्हणजे तळ 200 मिलीमीटर खाली जाणार.

असा कागद मुकाट्यानं साइटवर उतरवायचा नाही. कलम 3.5 प्रमाणे सूचनेत ‘बदल’ असं म्हटलेलं नसेल आणि कंत्राटदाराला तो बदल वाटत असेल, तर काम सुरू करण्याआधी लगेच नोटीस द्यावी लागते. इंजिनिअरनं 7 दिवसांत सूचना कायम केली नाही, बदलली नाही किंवा मागे घेतली नाही, तर ती रद्द झाली असं धरतात. आज दुपारी नोटीस गेली. आर-3 वर ‘बांधकामासाठी नाही, उत्तराची प्रतीक्षा’ असा शिक्का मारून प्रत मुकादमाकडे दिली. जुनी आर-2 परत घेतली. साइटवर दोन आवृत्त्या फिरत राहिल्या, तर सळई एका ड्रॉइंगची बांधली जाते आणि शटरिंग दुसऱ्याचं.

8 फेब्रुवारी

लेखी उत्तर आलं : बदल मान्य, कलम 13.3.1 खाली सूचना. 28 दिवसांत, म्हणजे 8 मार्चपर्यंत, तपशील द्यायचा : कामाचं वर्णन आणि पद्धत, वेळापत्रकावरचा परिणाम, किंमत. या बदलाच्या मुदतीसाठी किंवा पैशासाठी 20.2 ची वेगळी क्लेम नोटीस लागत नाही. खडकाला लागते. म्हणून दोन फाइली. खडक आणि बदल एकाच फाइलमध्ये घातले, तर एकाची त्रुटी दुसऱ्याला लागते.

12 फेब्रुवारी

बदलाचा हिशेब. नुसतं ‘200 मिलीमीटर जादा काँक्रीट’ म्हणून सोडलं, तर निम्मा खर्च हातातून जातो.

काँक्रीट : 42 × 30 × 0.2 = 252 घनमीटर. मूळ 1,134, आता 1,386.

खोदाई : 1,564 × 0.2 = 313 घनमीटर, सगळा कठीण खडक. दिवसाला 120 प्रमाणे 2.6 दिवस.

बाजूचं शटरिंग : परिमिती 144 मीटर, म्हणून 28.8 चौरस मीटर जादा.

चेअर (सळईची वरची जाळी पेलणारे आधार) : वरची जाळी 200 मिलीमीटर उंचावते, म्हणजे प्रत्येक चेअरला दोन पायांत मिळून 400 मिलीमीटर सळई जास्त. चौरस मीटरला एक धरून 1,260 चेअर, 504 मीटर, 16 मिलीमीटरची सळई, 1.58 किलो प्रति मीटर : सुमारे 796 किलो. चेअरची सळई मोजमापात धरायची की दरात अंतर्भूत, हे बीओक्यूच्या प्रस्तावनेत बघावं लागतं. इथे मोजमापात आहे. दरात असती, तर हा आकडा नव्या दराच्या विश्लेषणात घ्यावा लागला असता.

ओतकाम : दोन पंप मिळून ताशी 70 घनमीटर. 16.2 तासांचं काम 19.8 तासांवर गेलं. दिवस वाढत नाही, पण रात्रपाळीची तिसरी टोळी आणि एक राखीव पंप लागतो.

तापमान : जाड काँक्रीटच्या गाभ्यात उष्णता अडकते. गाभा 70 अंशांच्या आत आणि गाभा-पृष्ठभाग फरक 20 अंशांच्या आत, ही मर्यादा तपशीलपत्रकात आहे. त्यासाठी थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) आणि इन्सुलेशनची चादर. आधी मंजूर झालेल्या पद्धतीत 900 मिलीमीटरसाठी चादर 5 दिवस होती. सुधारित पद्धतीत 7. तोपर्यंत भिंतीचं शटरिंग उभं करता येत नाही. म्हणून 2 दिवस. दोन्ही पद्धतींवर इंजिनिअरची मंजुरी असल्यामुळे या 2 दिवसांना पाया आहे. नुसत्या अंदाजावर हे मागितले असते, तर सिद्ध करता आले नसते.

दराबद्दल. परिमाण 22.2 टक्क्यांनी वाढलं म्हणजे नवा दर मिळणारच, असा समज साइटवर घट्ट बसलेला आहे. कलम 12.3 मध्ये चार अटी एकत्र लागतात : मोजलेलं परिमाण बीओक्यूपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक बदललेलं, परिमाणातला फरक गुणिले दर हा स्वीकृत कंत्राट रकमेच्या 0.01 टक्क्याहून अधिक, त्या फरकामुळे एककाचा खर्च 1 टक्क्याहून जास्त बदललेला, आणि ती बाब ‘स्थिर दर’ म्हणून नमूद नसणं. तिसऱ्या अटीवर गाडी अडते. काँक्रीटमध्ये एककाचा खर्च रात्रपाळी आणि राखीव पंपामुळे बदलतो, तो पावत्यांसह दाखवला. खडकात उलट आहे : ब्रेकर आणण्या-नेण्याचा खर्च जास्त परिमाणावर पसरतो, एककाचा खर्च घटतो. खडकासाठी नवा दर मागितलाच नाही. मागितला असता तर इंजिनिअरनं तो खाली आणला असता.

दर ठरेपर्यंत अंतरिम देयकासाठी तात्पुरता दर इंजिनिअरनं धरायचा असतो. तो मागण्याचं पत्र सोबत जोडलं. हे पत्र न दिल्यानं काम होऊनही महिनोन् महिने देयकात शून्य दिसतं.

18 मार्च

साइटवरच्या बैठकीत तळघराच्या भिंतीतली पाइपांची जागा बदलायला सांगितलं गेलं. तोंडी. चौदा भोकं, त्यातल्या आठ जागा अजून ओतायच्या, सहा भिंतीत आधीच ओतलेल्या.

1999 च्या आवृत्तीत तोंडी सूचना कंत्राटदारानं दोन कामाच्या दिवसांत लेखी कळवली आणि इंजिनिअरनं दोन दिवसांत नाकारली नाही, तर ती लेखी धरली जायची. 2017 मध्ये ही सोय नाही. जुन्या कंत्राटांवर काम केलेली माणसं अजून त्याच सवयीनं वागतात. बैठक संपल्यावर तासाभरात पत्र : सूचना अशी समजली, लेखी आल्यावर काम सुरू होईल, आठ स्लीव्हची (ओतताना भिंतीत ठेवायच्या नळ्यांची) जागा धरून ठेवली आहे, पण 22 तारखेला त्या भिंतीचं ओतकाम आहे. तारीख सांगणं महत्त्वाचं. तारीख नसेल, तर उशिराचा दोष नंतर कोणाच्याही माथी मारता येतो.

लेखी सूचना 20 ला आली. सहा भोकांचं काम डेवर्कवर (माणसं, मशीन आणि साहित्य प्रत्यक्ष लागेल तसं मोजून).

26 मार्च

कोअर कटिंग (ओतलेल्या भिंतीत गोल भोकं पाडणं) पूर्ण. 200 मिलीमीटर व्यास, भिंत 300 मिलीमीटर. आधी स्कॅनरनं सळई शोधून दोन भोकं 60 मिलीमीटर सरकवली. सल्लागाराची मान्यता जागेवरच लेखी घेतली. एका भोकाला 1 तास 40 मिनिटांपासून 2 तास 30 मिनिटांपर्यंत वेळ. सळई कापावी लागलेल्या भोकालाच सर्वाधिक.

भोक पाडणं हा या खर्चाचा छोटा भाग. ओतताना बसवलेल्या स्लीव्हला पाणी अडवणारी कॉलर असते. कोअरला ती लावता येत नाही. तिथे दाबून बसणारं रबरी सील लागतं, आणि बाहेरचं वॉटरप्रूफिंग फाडून पुन्हा जोडावं लागतं. ही बाब किंमतीतून वगळली, तर ती खिशातून जाते.

डेवर्कचा तक्ता रोज संध्याकाळी दोन प्रतींत : माणसांची नावं आणि तास, मशीन, बिट, पाणी, साहित्य. सही त्याच दिवशी. आठवड्याचा एकदम तक्ता सहीला नेला की प्रतिनिधीला काहीच आठवत नाही, आणि त्यानं सही नाकारली तर तो चूक नाही.

28 मार्च

खडकाचा सविस्तर क्लेम दाखल, मुदतीच्या चार दिवस आधी. चार भाग : घटनेचा तपशील, कराराचा आधार, त्या-त्या वेळच्या नोंदी, मागितलेले दिवस व खर्च. आधाराचं विधान सर्वांत महत्त्वाचं. 84 दिवसांत ते गेलं नाही, तर मूळ नोटीसच गळून पडते असं 20.2.4 सांगतं. आकडे नंतर सुधारता येतात, आधार नाही.

4.12 खाली फक्त खर्च मिळतो, नफा नाही. शिवाय जादा खडकाचं मोजमाप बीओक्यूच्या दरानं देयकात येणारच. म्हणून क्लेममध्ये फक्त वेळेशी बांधलेला खर्च.

दिवसांचं रूपांतर, दोन्ही फाइली मिळून : वेळापत्रकाप्रमाणे सळईची बांधणी 4 फेब्रुवारीला सुरू व्हायची होती. खडकाचे 11.6 आणि तळ खाली गेल्याचे 2.6 मिळून 14.2 कामाचे दिवस. रविवार धरून बांधणी 20 फेब्रुवारीला सुरू झाली : 16 दिवस. फिडिकमध्ये ‘दिवस’ म्हणजे कॅलेंडरचा दिवस, म्हणून मागणीही त्यातच. त्यावर चादरीचे 2. एकूण 18.

25 एप्रिल

चर्चेची दुसरी बैठक. इंजिनिअरचे तीन आक्षेप.

पहिला : मध्यभागी बोअर नव्हते, म्हणून अनुभवी कंत्राटदारानं सावध राहायला हवं होतं. उत्तर : कसोटी आधार तारखेची आहे, म्हणजे निविदा सादर करण्याच्या अंतिम तारखेआधी 28 दिवस. त्या वेळी हातात असलेल्या पाचही बोअरमध्ये खडक एकाच पातळीच्या आसपास होता. मध्ये उंचवटा आहे असं सुचवणारं काहीच नव्हतं. आक्षेप मागे घेतला नाही, पण पुढे रेटलाही नाही.

दुसरा : टॉवर क्रेन 3 फेब्रुवारीऐवजी 10 ला सुरू झाली. सहा कामाचे दिवस, कंत्राटदाराचा दोष, म्हणून समांतर विलंब (दोन्ही पक्षांचा एकाच वेळचा उशीर). हा आक्षेप गंभीर आहे. क्रेन उशिरा आली हे खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण क्रेन लागते सळईच्या बांधणीला, आणि तोपर्यंत बांधणी 20 फेब्रुवारीवर सरकली होती. क्रेन 10 दिवस रिकामी उभी होती. क्रेनच्या उशिराचा शेवटच्या तारखेवर परिणाम झाला नाही. तो फ्लोटमध्ये (वेळापत्रकातल्या मोकळ्या वेळेत) गेला. 31 जानेवारी आणि 10 फेब्रुवारीला अद्ययावत केलेली वेळापत्रकं समोर ठेवली. त्या त्या वेळी केलेली अद्ययावत प्रत नसती, तर हे आता मांडून कोणी ऐकलं नसतं. कलम 8.5 समांतर विलंबाचे नियम विशेष अटींवर सोडतं, आणि इथे विशेष अटी गप्प आहेत. सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या 2017 च्या विलंब-प्रोटोकॉलची मांडणी वापरली : दोन्ही घटनांचा परिणाम खरोखर क्रिटिकल पाथवर (शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीवर) पडला असेल, तरच समांतर.

तिसरा : ओव्हरहेड (साइटचा सामायिक खर्च) दोनदा घेतलं आहे. हा आक्षेप बरोबर. जादा खडकाच्या दरात साइट ओव्हरहेडचा हिस्सा आधीच आहे. वगळलेल्या मातीच्या दरातलाही हिस्सा कमी झाला. दोन्हींचा निव्वळ फरक काढून लांबलेल्या काळाच्या खर्चातून वजा केला. खर्चही उशीर जेव्हा झाला त्या आठवड्यांचा घेतला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा : उपशाचे पंप, त्यांच्या तासांच्या नोंदी, कर्मचारी, ऑफिस. प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यांचा नाही.

17 जून

42 दिवसांत सहमती झाली नाही. पुढच्या 42 च्या आत इंजिनिअरचा निर्णय आला. 12 दिवस मंजूर. क्रेनचे 6 वजा. रकमेत तिसऱ्या आक्षेपानंतरचा हिशेब मान्य.

फक्त 6 दिवसांबद्दल असहमतीची नोटीस द्यायची. शेवटची तारीख 15 जुलै. सगळ्याच निर्णयाविरुद्ध नोटीस दिली, तर मान्य झालेलंही पुन्हा उघडं पडतं. नोटीस दिली नाही, तर निर्णय अंतिम.

1 जुलै

असहमतीची नोटीस पाठवली, नेमक्या परिच्छेदापुरती. वाद निवाडा मंडळाकडे नेण्याची मुदत 42 दिवस : 12 ऑगस्ट. मंडळ कामाच्या सुरुवातीपासून नेमलेलं आहे, म्हणून दोन्ही पक्षांनी मिळून 21.3 खाली अनौपचारिक मदत मागितली. या मताचं बंधन कोणावर नाही, पण औपचारिक निर्णयाचे 84 दिवस वाचतात.

24 जुलै

मंडळानं दोन्ही वेळापत्रकं, क्रेनच्या चाचणीचा दाखला आणि सळईच्या बांधणीची पहिली हजेरी पाहिली. मत : क्रेन क्रिटिकल नव्हती.

5 ऑगस्ट

लेखी समझोता. एकूण मुदतवाढ 18 दिवस, त्या दिवसांचा विलंबदंड नाही. लांबलेल्या काळाचा खर्च 16 दिवसांचा. चादरीच्या 2 दिवसांचा खर्च बदलाच्या किंमतीत आधीच आहे. असहमतीची नोटीस मागे घेतल्याचं वाक्य समझोत्यातच घातलं. ते नसतं, तर ती कागदोपत्री जिवंत राहिली असती. सुधारित पूर्णत्वाची तारीख वेळापत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत बसवली. विम्याच्या आणि बँक हमीच्या मुदतीही 18 दिवसांनी वाढवायला दिल्या. कोअर केलेल्या सहा भोकांची पाणीचाचणी बाकी. तिच्या नोंदी डेवर्कच्या फाइलमध्ये.